पामवर उगवलेला नांद्रुक: काढावा की राहू द्यावा?

प्रश्न थोडक्यात असा: दक्षिण फ्लोरिडात नुकतंच घर घेतलं. मागच्या अंगणात जुना सबाल पाम आहे आणि त्याच्या खोडावर, डोक्याच्या थोडं वर, फायकसचं, म्हणजे वड-उंबराच्या गोतातलं, रोप उगवलंय. हातभर वाढलंय, दोन-तीन बारीक मुळं खाली लोंबतायत. शेजारी म्हणतात, हे आक्रमक झाड आहे, लगेच काढा. भारतातून आलेल्या सासूबाई म्हणतात, हा आपला नांद्रुक, वडाच्या कुळातला, त्याला हात लावायचा नाही. कोणाचं ऐकायचं? आणि आपल्याकडे ज्याची कोणी तक्रार करत नाही, ते झाड इथे गुन्हेगार कसं ठरलं?

मी याच भागात झाडांची छाटणी-तोडणी आणि जंगलपट्ट्यांतून आगंतुक झाडं काढण्याचं काम करतो, त्यामुळे हा प्रश्न मला नवा नाही. उत्तर आधीच सांगून टाकतो. रोप खरोखर नांद्रुकाचं असेल, तर ते काढा, आणि लोंबणारी मुळं जमिनीला टेकायच्या आत काढा. पण ते नांद्रुकाचंच आहे याची खात्री होईपर्यंत शेजाऱ्यांचंही ऐकू नका आणि सासूबाईंचंही. इथे तिसरी एक शक्यता आहे आणि ती दोघांच्याही लक्षात आलेली दिसत नाही.

फ्लोरिडाचे स्वतःचे दोन फायकस आहेत. पहिला फायकस ऑरिया, म्हणजे इथला स्ट्रँग्लर फिग, गळा आवळणारा फायकस. दुसरा फायकस सिट्रिफोलिया. हे दोन्ही इथले मूळ रहिवासी, आणि दोन्ही पामच्या खोडावर अगदी असेच उगवतात. ऑरियाची फळं इथल्या पक्ष्यांचं हक्काचं अन्न आहे. आक्रमक समजून लोक तोच तोडतात आणि शेजारचा नांद्रुक सुखाने वाढत राहतो, हे मी पुष्कळदा पाहिलंय.

ओळखायचं कसं? नांद्रुकाचं पान लहान, साधारण दोन-तीन इंचांचं, जाड, चामड्यासारखं आणि चकचकीत. ऑरियाचं पान बहुधा त्याहून बरंच मोठं. फळं धरली असतील तर काम सोपं होतं. नांद्रुकाची फळं वाटाण्याएवढी किंवा थोडी मोठी, देठाशिवाय थेट फांदीला चिकटलेली, पिकताना गुलाबीसर होऊन शेवटी काळपट जांभळी. ऑरियाचीही बिनदेठाचीच, पण ती पिवळी होऊन मग लाल होतात. सिट्रिफोलियाच्या फळांना स्पष्ट देठ असतो. आणखी एक खूण पुस्तकात सहसा शेवटी येते, मी ती आधी बघतो: नांद्रुकाची कोवळी पानं मधोमध दुमडून शेंगेसारखी झालेली दिसतात आणि त्यांच्यावर लालसर-जांभळे ठिपके असतात. दुमडलेलं पान उघडलं की आत बारीक काळे किडे. हे थ्रिप्स, आणि त्यांचं सगळ्यात आवडतं झाड हेच. आजूबाजूच्या मोठ्या फायकसवर अशी पानं दिसली, तर तुमचं रोप कोणाचं वंशज आहे याचा अंदाज बांधायला हरकत नाही. पांढरा चीक मात्र ओळखीसाठी निरुपयोगी, तो सगळ्याच फायकसांना असतो.

रोप हातभरच आहे, फळं नाहीत, तेव्हा नुसत्या फोटोवरून मी छातीठोकपणे सांगणार नाही. फ्लोरिडाच्या सर्व ६७ काउंट्यांमध्ये, म्हणजे जिल्ह्यांमध्ये, फ्लोरिडा विद्यापीठाची कृषी विस्तार सेवा आहे. एक डहाळी, पानाच्या दोन्ही बाजू आणि शेंड्याची टोकदार कळी नीट दिसेल असे फोटो त्यांना पाठवा.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. मला खरा रस त्यातच आहे.

नांद्रुक म्हणजे फायकस मायक्रोकार्पा. भारत-श्रीलंकेपासून दक्षिण चीन, आग्नेय आशिया आणि थेट उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंतचा हा रहिवासी. कोकणात, घाटात, जुन्या रस्त्यांच्या कडेला तो भेटतो. सावलीला उत्तम, छाटणी सोसणारा, धूळ-धूर मुकाट्याने सहन करणारा. नेमक्या याच गुणांमुळे तो जगभरच्या उष्ण शहरांत रस्त्याकडेला आणि कुंपणाला लावला गेला. जिनसेंग फायकस म्हणून जाडजूड मुळांचं जे बोन्साय दुकानात मिळतं, तेही हेच झाड.

पण परक्या देशात लावलेला फायकस कितीही मोठा झाला तरी त्याला पोरं होत नाहीत. कारण सगळ्या मराठी लोकांनी पाहिलेलं आहे, फक्त त्याचा अर्थ लावलेला नसतो. उंबर फोडलं की आतून चिलटं उडतात. ती चिलटं म्हणजे एक-दोन मिलिमीटरच्या गांधीलमाश्या. फायकसची फुलं फळाच्या आत बंद असतात. मादी माशी टोकाच्या बारीक भोकातून आत शिरते, शिरताना बहुधा पंख गमावते, बरोबर आणलेला पराग काही फुलांना लावते, काही फुलांत अंडी घालते आणि आतच मरते. तिच्या पिलांतले नर बिनपंखांचे. त्यांचं आयुष्य फळाच्या आतच संपतं, पण मरण्याआधी ते बाहेर पडायला बोगदा पोखरून ठेवतात. माद्या नवा पराग घेऊन त्यातून बाहेर पडतात. फायकसच्या बहुतेक जातींची माशी ठरलेली असते. उंबराची वडाला चालत नाही, वडाची नांद्रुकाला चालत नाही. नांद्रुकाची माशी युप्रिस्टिना व्हर्टिसिलाटा. ती नसेल तर फळं धरतील, पण त्यांत रुजणारं बी नसेल.

म्हणजे माशी नसलेल्या देशात नांद्रुक हे अगदी सज्जन झाड. माशी पोचली की त्याच झाडाचा स्वभाव बदलतो. खरं तर झाड बदलत नाही, त्याची सोबत बदलते.

हवाईत तर ही सोबत माणसाने हाताने नेऊन दिली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथली डोंगरावरची जंगलं गुराढोरांनी तुडवून विरळ झाली होती आणि उसाच्या मळ्यांना पाणी हवं होतं. ऊसमळेवाल्यांच्या संघटनेचे वनस्पतिशास्त्रज्ञ हॅरोल्ड लायन यांचं मत असं, की स्थानिक जंगल काही तग धरणार नाही, त्याच्या जागी भराभर वाढणारी परदेशी झाडं लावावीत. त्यांत फायकसांवर त्यांचा मोठा भर होता. पण लावलेल्या झाडांना रुजणारं बी येईना. मग आधी १९२१ मध्ये मॉर्टन बे फिग या ऑस्ट्रेलियातल्या फायकसची माशी आणून सोडली, आणि १९३८ मध्ये नांद्रुकाची. जंगल वाढवायच्या हेतूने केलेलं हे काम आपल्या हिशेबाने फत्ते झालं. आज हवाईत नांद्रुक दगडी भिंतींवर, इमारतींच्या गच्च्यांवर, पुलांच्या सांध्यांत आणि इतर झाडांच्या बेचक्यांत आपोआप उगवतो, आणि तो काढायला तिथे पैसे मोजावे लागतात. त्या काळच्या लोकांना मी मूर्ख म्हणणार नाही. पाण्याची त्यांची चिंता खरी होती. स्थानिक जंगलाला इतक्या लवकर मोडीत काढायला मात्र नको होतं.

फ्लोरिडात नांद्रुकाची माशी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दिसू लागली. तोपर्यंत रस्त्याकडेला आणि बागांत मोठमोठे नांद्रुक उभे होतेच. फळं पिकू लागली, बी रुजू लागलं आणि काही वर्षांत पामच्या खोडांवर रोपं दिसू लागली. आज राज्याच्या आक्रमक वनस्पतींच्या यादीत नांद्रुक पहिल्या वर्गात आहे. ही यादी फ्लोरिडा इन्व्हेसिव्ह स्पीशीज कौन्सिल करते. तिच्या पहिल्या वर्गात नुसतं परदेशी असून भागत नाही. स्थानिक वनस्पतींना हुसकावणं किंवा जंगलाची घडण बदलणं नोंदलेलं असावं लागतं. भारत आणि आग्नेय आशियातलाच फायकस अल्टिसिमा दुसऱ्या वर्गात आहे, म्हणजे वाढतोय, पण तितकं नुकसान अजून नोंदलेलं नाही.

बी पसरवण्याचं काम पक्षी करतात, हे सांगायला नको. गंमत अशी, की त्या पक्ष्यांतही आपली मंडळी आहेत. शिपाई बुलबुल १९६० मध्ये मायामीजवळच्या केंडल भागात पिंजऱ्यांतून सुटले आणि तिथेच स्थिरावले. साळुंकी १९८० च्या दशकापासून दक्षिण फ्लोरिडात आहे. नांद्रुक आपला, माशी तिकडची, फळं खाणाऱ्यांतले काही पक्षीही तिकडचे, असा अख्खा गोतावळा इथे जमलाय. पक्ष्यानंतर मुंग्यांचा नंबर लागतो. नांद्रुकाच्या बियांवर मुंग्यांना आवडणारं तेलकट आवरण असतं, त्यामुळे विष्ठेतून पडलेलं बी मुंग्या उचलून फटीत नेऊन ठेवतात. १९९१ मध्ये यावर एक चांगला अभ्यास प्रसिद्ध झाला होता. फांदीवर उघड्यावर पडलेलं बी सुकलं असतं, ते ओलसर फटीत पोचतं. सबाल पामच्या खोडावर जुन्या पानांचे तळ तसेच राहतात, त्यांच्या खोबणीत कुजका पाला आणि ओल साठते. नांद्रुकाला याहून चांगला वाफा मिळणार नाही.

वारंवार कानावर येणारा एक गैरसमज इथेच दूर करतो. हे झाड बांडगुळासारखं पामचा रस पीत नाही. पाम त्याला फक्त उंच जागा देतो. पाणी आणि खत ते त्या कुजक्या पाल्यातून आणि पावसातून मिळवतं, म्हणूनच सुरुवातीला त्याची वाढ इतकी मंद असते. वर्षानुवर्षं रोप हातभरच राहतं आणि लोकांना वाटतं, राहू दे बिचारं. मग एक मूळ जमिनीला टेकतं. त्या दिवसापासून त्याला पाण्याची ददात नाही. ते मूळ जाड होतं, त्याच्या जोडीला आणखी मुळं उतरतात, एकमेकांना चिकटून त्यांची जाळी होते आणि वर छत्री पसरायला लागते. म्हणून मी जमिनीला टेकायच्या आत, असं सुरुवातीलाच सांगितलं. आज जे काम हातकरवतीने होईल, त्याला चार-पाच वर्षांनी क्रेन लागू शकते.

गळा आवळला जातो का? झाडावर अवलंबून आहे. ओकसारख्या झाडाच्या सालीखाली वाढीचा थर असतो, खोड दरवर्षी जाड होतं, आणि मुळांच्या जाळीत ते खरोखर आवळलं जातं. पामला तसा थर नसतो. त्याचं खोड एकदा तयार झालं की फारसं जाड होत नाही, त्यामुळे आवळ्याने तो सहजी मरत नाही. तो मरतो सावलीने. फायकसची छत्री पामच्या शेंड्यावर गेली की त्याला ऊन मिळत नाही. यातून तुमच्या फायद्याची एक गोष्ट निघते: मुळं पामला वेढून बसली असली तरी पाम बहुधा वाचवता येतो. घाबरून दोन्ही झाडं तोडायला सांगणारा कंत्राटदार भेटला तर दुसऱ्याला विचारा.

मग स्थानिक ऑरियाही हेच करतो, त्याला माफी का? करतो, आणि इथल्या जंगलाला त्याची सवय आहे. त्याला खाणारे, पोखरणारे, आजारी पाडणारे इथे आहेत आणि त्याच्या जागा ठरलेल्या आहेत. नांद्रुक नेमक्या त्याच जागा बळकावतो, शिवाय भिंती, छतं, पुलांचे सांधे हेही त्याला चालतात. हाँगकाँगमध्ये हेच झाड स्थानिक आहे, जुन्या दगडी भिंतींवर वाढलेल्या नांद्रुकांना तिथे लोक वारसा मानतात. २०१५ मध्ये बॉनहॅम रोडवरचे असे चार वृक्ष सरकारने तोडले तेव्हा मोठा गदारोळ झाला होता. झाड तेच, जागा वेगळी. आपल्याकडे याच्या उलट उदाहरण रानमोडीचं. सह्याद्रीत जिच्या नावाने आपण बोटं मोडतो, ती फ्लोरिडाची मूळ रहिवासी. इथे फुलपाखरांसाठी लोक ती मुद्दाम लावतात.

काढायचं कसं ते आता सांगतो.

तुमचं रोप हातभर आहे, मुळं अधांतरी आहेत, तेव्हा रसायनाची बहुधा गरज नाही. पाऊस पडून गेल्यावर, खोबणीतला पाला ओला असताना काम करा. आधी लोंबणारी मुळं कापा. मग रोपाचा बुडखा धरून सावकाश हलवत, खोबणीतला पाला मोकळा करत, मुळासकट काढा. हिसका देऊन तोडलं तर बुडखा आत राहतो आणि त्यातून पुन्हा धुमारे फुटतात. पामच्या जुन्या पानांचे तळ सैल झाले असतील तर तेही हाताने काढता येतात, म्हणजे पुढच्या बीला थारा नाही. घट्ट असतील तर ओढू नका, खोडाला जखम होते, आणि पामची जखम भरून येत नाही. हातमोजे आणि चष्मा घाला. चीक त्वचेला खाजवतो, डोळ्यात गेला तर जास्तच त्रास देतो. शिडीवर चढून करवत चालवायची वेळ येत असेल, तर ते काम माणूस बोलावून करा.

मूळ जमिनीला टेकलेलं असेल, तर प्रत्येक मूळ जमिनीलगत कापावं लागतं आणि कापलेल्या ताज्या तोंडावर, विशेषतः सालीलगतच्या कडेला, लगेच तणनाशक लावावं लागतं. अर्धा तास चहा पिऊन मग लावलं तर उपयोग कमी होतो. या कामाला इथे ट्रायक्लोपायर असलेली औषधं वापरतात. प्रमाण लेबलवर लिहिलेलं असतं. तेच पाळा, माझ्याकडून किंवा कोणाकडूनही ऐकीव प्रमाण घेऊ नका. ब्रशने लावा, फवारू नका. झाड पामऐवजी ओकवर असेल तर जास्तच जपा, कारण हे औषध रुंद पानांच्या झाडांना मारतं आणि ओक त्यांतच मोडतो. वरची मुळं आणि फांद्या पामवरच वाळू द्यायला हरकत नाही. वाळल्या की सहज निघतात. ओल्या खेचल्या तर पामचं खोड सोलवटतं.

फांद्या अंगणाच्या कोपऱ्यात ढीग करून ठेवू नका. नांद्रुकाची जाड फांदी ओल्या मातीवर पडली तर रुजू शकते. बागेच्या कचऱ्याच्या दिवशी बाहेर काढा.

पांढऱ्या माशीवर (ही गांधीलमाशी नव्हे, पानांचा रस शोषणारी कीड) भरवसा ठेवून थांबू नका. फायकसची पांढरी माशी मायामी-डेडमध्ये २००७ मध्ये सापडली. तिने बेंजामिना फायकसची कुंपणं खराट्यासारखी करून टाकली, आणि तेव्हापासून काही लोकांना वाटतं की कीडच बाकीचं काम करेल. पानं गळतात, पुन्हा फुटतात, झाड सहसा मरत नाही.

घराजवळ दुसरा एखादा मोठा, फळं धरणारा नांद्रुक आहे का, हेही बघा. असेल तर दर पावसाळ्यानंतर तुमच्या पामवर, छताच्या पन्हळीत आणि कुंपणाच्या भिंतीत नवी रोपं दिसतील. दोन पानांची असताना ती बोटांनी निघतात. तो मोठा वृक्ष तुमच्याच हद्दीत असेल तर तोडण्याआधी शहराला किंवा काउंटीला विचारा. झाड आक्रमक यादीत असलं तरी मोठ्या झाडासाठी परवानगी लागू शकते, आणि कोणते फायकस नव्याने लावायला मनाई आहे हेही काउंटीप्रमाणे बदलतं.

राहता राहिल्या सासूबाई. त्यांची भावना मला कळते, आमच्या घरीही वडाच्या फांदीला कोयता लावत नसत. पण वटपौर्णिमेचा मान वडाचा, नांद्रुकाचा नव्हे, एवढं त्यांना सांगून बघा. पूजेला झाड हवंच असेल तर कुंडीत ठेवा, वर्षाआड मुळं छाटा, उंची कमरेएवढी राखा. फळं धरलेली दिसली तर पिकायच्या आत खुडून टाका. घर विकून जाताना दया येऊन त्याला अंगणात लावू मात्र नका, पुढच्या मालकाला ते निस्तरावं लागतं. मोठा वड डोळे भरून बघायचा असेल तर त्यांना फोर्ट मायर्सला घेऊन जा. टॉमस एडिसनच्या हिवाळी घराच्या आवारात १९२० च्या दशकात लावलेला वड आहे, टायरवाल्या हार्वी फायरस्टोनने भेट दिलेला. हे लोक तेव्हा रबरासाठी चीक देणारी झाडं तपासत होते. त्या वडाच्या पारंब्यांनी आता जवळजवळ एकरभर जागा व्यापलीय.

फोटो नीट काढून विस्तार सेवेकडून जात नक्की करून घ्या. ऑरिया निघाला आणि तो छत, भिंत किंवा सांडपाण्याच्या पाइपपासून लांब असेल, तर त्याला पामवर राहू द्या. पामला सावली व्हायला अजून पुष्कळ वर्षं आहेत. नांद्रुक निघाला तर पुढच्या पावसानंतरच काढा, आणि दोन-तीन महिन्यांनी खोबणीत पुन्हा एकदा डोकावून बघा. बुडख्याचा तुकडा राहिला असेल तर तोवर त्याला पानं फुटलेली दिसतील.